एकाच नावाचे वर्ष, दोन वेगळे पाडवे : तमिळ घरातला पुत्तांडु समजून घेताना

२०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि मराठी पंचांगात ‘विश्वावसु’ नावाचे संवत्सर सुरू झाले. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, १४ एप्रिलला, तमिळ घरांत नवे वर्ष उजाडले आणि त्याचेही नाव विश्वावसुच होते. नाव एक असताना दिवस दोन का, हा प्रश्न माटुंग्यात किंवा चेंबूरमध्ये तमिळ शेजार असलेल्या मराठी माणसाला दर एप्रिलमध्ये पडतो. १४ एप्रिलला महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्यामुळे शेजारच्या दारातली तांदळाच्या पिठाची रेखाटने आणि आंब्याच्या पानांचे तोरण निवांतपणे पाहायला सवड मिळते, आणि मग ‘तुमचा पाडवा उशिरा का?’ असे सहज विचारले जाते. त्या प्रश्नाचे उत्तर आकाशातल्या गणितात आहे आणि ते समजले की घरात त्या दिवशी जे जे केले जाते त्याचाही बराचसा उलगडा होतो. या सणाला तमिळमध्ये ‘पुत्तांडु’ म्हणजे नवे वर्ष, किंवा ‘वरुष पिरप्पु’ म्हणजे वर्षाचा जन्म, असे म्हणतात.

चंद्राचे वर्ष आणि सूर्याचे वर्ष

आपला गुढीपाडवा तिथीवर, म्हणजे चंद्राच्या कलेवर ठरतो. फाल्गुनातली अमावास्या संपून चैत्राची शुद्ध प्रतिपदा लागली की गुढी उभी राहते. तमिळ वर्षाचा चंद्राशी असा संबंध नाही. सूर्य मीन राशीतून मेष राशीत जातो त्या दिवशी, म्हणजे मेषसंक्रांतीला, ‘चित्तिरै’ नावाचा पहिला महिना सुरू होतो. चित्तिरै हे आपल्या चैत्राचेच तमिळ रूप असले, तरी दोन्ही महिने एकाच दिवशी सुरू होत नाहीत.

मराठी वाचकाला हे समजायला फार दूर जावे लागत नाही, कारण सूर्याच्या हिशेबाने येणारा एक मोठा सण आपल्याकडेही आहे. दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते, गणपती कधी ऑगस्टात तर कधी सप्टेंबरात बसतात, पण मकरसंक्रांत मात्र १४ किंवा १५ जानेवारी सोडून हलत नाही. जो हिशेब आपण वर्षातून एकदा तिळगुळासाठी वापरतो, तोच तमिळ पंचांग बारा महिने वापरते. सूर्य हा एका वर्तुळाकार लोहमार्गावरून धावणारी गाडी आहे आणि वाटेत बारा राशींची बारा स्थानके आहेत, अशी कल्पना केली तर प्रत्येक स्थानकावर गाडी शिरण्याचा दिवस ही त्या महिन्याची पहिली तारीख असते आणि मेष हे पहिले स्थानक असल्यामुळे तिथे वर्ष बदलते. ही गाडी वर्षभर सारख्या वेगाने धावत नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने जून-जुलैच्या सुमारास सूर्य आपल्याला हळू सरकताना दिसतो आणि डिसेंबर-जानेवारीत भरभर. म्हणूनच तमिळ वर्षातला ‘आनि’ हा महिना बत्तीस दिवसांपर्यंत लांबतो आणि ‘मार्गळि’ बहुधा एकोणतीस दिवसांतच आटोपतो.

दोन हिशेबांतला फरक तारखांवरून चांगला दिसतो. २०२४ साली गुढीपाडवा ९ एप्रिलला होता, म्हणजे पुत्तांडुच्या पाच दिवस आधी. २०२५ मध्ये हे अंतर पंधरा दिवसांचे झाले आणि २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आल्याने सव्वीस दिवसांचे. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आपला पाडवा दर वर्षी तेवढा मागे सरकतो, आणि तो फार मागे जाऊ नये म्हणून मधूनमधून अधिक महिना घालून त्याला पुन्हा पुढे ओढावे लागते. २०२६ च्या अधिक ज्येष्ठानंतर २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला येतो. तमिळ वर्षाला अशा दुरुस्तीची गरजच नसल्याने त्यात अधिक महिना नाही आणि पुत्तांडु जवळजवळ दर वर्षी १४ एप्रिललाच भेटतो.

मग वर्षाचे नाव एकच कसे?

दोन्ही पंचांगांनी नावांची एकच यादी धरलेली आहे. ‘प्रभव’ या नावापासून ‘क्षय’ या नावापर्यंत साठ संवत्सरांची माळ असून ती संपली की पुन्हा प्रभवापासून सुरू होते. ही माळ मोजण्याच्या भारतात दोन पद्धती आहेत, एक उत्तरेची आणि एक दक्षिणेची. या बाबतीत महाराष्ट्र दक्षिणेच्या बाजूला आहे, त्यामुळे मराठी, कन्नड, तेलुगू आणि तमिळ वर्षांची नावे जुळतात. २०२४ चे ‘क्रोधी’, २०२५ चे ‘विश्वावसु’ आणि २०२६ चे ‘पराभव’ ही नावे आपण पाडव्याला ऐकतो आणि तमिळ घरे काही दिवसांनी ऐकतात.

घड्याळात दिवसातून दोनदा पाच वाजतात, तसेच विश्वावसु संवत्सर १९६५ साली येऊन गेले होते आणि २०२५ मध्ये परत आले. माणसाच्या आयुष्यात हे चक्र एकदा पूर्ण झाले की ज्या संवत्सरात तो जन्मला तेच संवत्सर पुन्हा लागते, आणि आपल्याकडे साठीशांत करतात तसा षष्ट्यब्दपूर्तीचा सोहळा तमिळ कुटुंबे करतात. त्यासाठी तिरुक्कडैयूरच्या शिवमंदिरात पुन्हा एकदा लग्न लावून घेणारी साठीची जोडपी वर्षभर दिसतात. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथील मुरुगन म्हणजे कार्तिकेयाच्या मंदिराला साठ पायऱ्या आहेत आणि त्या साठ संवत्सरांच्या मानल्या जातात.

१४ एप्रिल की १५?

सूर्य राशीत शिरण्याचा क्षण दिवसा येईल किंवा रात्री येईल, पण सण साजरा करायला एक दिवस ठरवावा लागतो. रात्री पावणेबाराला जन्मलेल्या बाळाचा वाढदिवस कोणता, हा प्रश्न इंग्रजी तारखेने चटकन सुटतो. संक्रांतीच्या बाबतीत प्रत्येक प्रांताने आपापली सीमारेषा आखली आहे. तमिळनाडूत संक्रांत सूर्यास्तापूर्वी झाली तर तोच दिवस महिन्याचा पहिला, आणि सूर्यास्तानंतर झाली तर दुसरा दिवस पहिला धरतात. केरळात ही रेषा सूर्योदयापासून अठरा घटकांवर, म्हणजे साधारण दुपारी सव्वाच्या सुमारास येते.

२०२३ साली मेषसंक्रांत १४ एप्रिलला दुपारी तीनच्या सुमारास झाली. तेव्हा सूर्य मावळायला अवकाश होता म्हणून तमिळनाडूने १४ तारखेला पुत्तांडु साजरा केला, पण केरळची रेषा ओलांडली गेली होती म्हणून तिथला विषु, म्हणजे केरळचे नववर्ष, १५ तारखेला झाला. पुढच्या वर्षी तो क्षण १३ एप्रिलच्या रात्री नऊच्या आसपास आला आणि दोघांचेही नववर्ष १४ तारखेला पडले. एकच खगोलीय घटना असूनही शेजारची दोन राज्ये कधीकधी एका दिवसाच्या अंतराने सण का करतात, याचे कारण इतके साधे आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. ‘विषुव’ म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, तो तर २०-२१ मार्चला होऊन जातो. मग १४ एप्रिलचा हा विषु चुकीचा नाही का? पृथ्वीचा आस मंदावत चाललेल्या भोवऱ्यासारखा डुलतो आणि त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे सव्वीस हजार वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेली मेषसंक्रांत ऋतूंच्या मानाने दर बहात्तर वर्षांना जवळपास एक दिवस पुढे सरकते. साधारण सतराशे वर्षांपूर्वी विषुव आणि मेषसंक्रांत एकत्र होते, आज त्यांच्यात सुमारे चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. खरे उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होऊनही आपण तिळगूळ जानेवारीच्या मध्यावर वाटतो, तोच हा प्रकार. ऋतूंना प्रमाण मानले तर ही चूक आहे आणि ताऱ्यांना प्रमाण मानले तर अगदी बरोबर आहे.

आदल्या रात्रीची मांडणी

पुत्तांडुची पूजा खऱ्या अर्थाने आदल्या रात्री सुरू होते. घर धुऊन-पुसून झाल्यावर देवघरात एक मोठे तबक मांडले जाते. त्यात आंबा, फणस आणि केळे ही तीन फळे असतात. तमिळमध्ये या त्रयीला ‘मुक्कनि’ असे स्वतंत्र नाव आहे. त्यांच्याबरोबर विड्याची पाने आणि सुपारी, तांदूळ, हळद-कुंकू, फुले, सोन्या-चांदीचे दागिने, नाणी किंवा नोटा आणि या सगळ्यांच्या मागे टेकवून ठेवलेला आरसा असतो. पहाटे उठल्यावर डोळे मिटूनच देवघरापर्यंत यायचे आणि नव्या वर्षातली पहिली नजर या तबकावर टाकायची, असा हा विधी आहे. बहुतेक घरांत सर्वांत आधी घरातली वडीलधारी स्त्री उठते, समई लावते आणि मग एकेकाला हाताला धरून, डोळ्यांवर तळवा ठेवून तबकासमोर आणून बसवते. लहान मुलांना अर्थातच या आंधळ्या कोशिंबिरीत सर्वांत जास्त मजा येते.

या दर्शनाला ‘कनि’ म्हणतात आणि त्या शब्दातच एक गंमत आहे. तमिळमध्ये ‘कनि’ म्हणजे पिकलेले फळ. शेजारच्या मल्याळममध्ये उच्चाराने जवळचाच असलेला ‘कणि’ म्हणजे पहिले दर्शन, शुभशकुनाचे दृश्य. केरळच्या ‘विषुक्कणी’शी या विधीचे अगदी जवळचे नाते असून कन्याकुमारीसारख्या केरळला लागून असलेल्या भागांत तो विशेष निष्ठेने पाळला जातो. तिथे तबकात बहाव्याची पिवळी झुंबरेही ठेवतात. बहाव्याला तमिळमध्ये ‘कोन्रै’ म्हणतात आणि ते शिवाचे आवडते फूल मानले जाते. तमिळनाडूच्या इतर भागांतही अनेक घरे कनि मांडतात, पण सगळीच मांडतात असे नाही. काही घरांत तबक न मांडता फक्त समई आणि देवाचे दर्शन पहिले घेतात, तेवढ्याने त्यांचे वर्ष सुरू होते.

पहिल्या नजरेला एवढे महत्त्व का, हे मराठी माणसाला शिकवण्याची गरज नाही. दिवस वाईट गेला की ‘आज सकाळी कोणाचे तोंड पाहिले होते कोण जाणे’ असे आपण म्हणतोच, आणि अंथरुणातच ‘कराग्रे वसते लक्ष्मी’ म्हणत स्वतःचे तळहात पाहण्याची सवय कित्येकांना आजीने लावलेली असते. पहिल्या नजरेचा दिवसावर परिणाम होतो ही समजूत दोन्हीकडे आहे, तमिळ घरांनी ती वर्षाला लावली एवढेच. आरशाचा अर्थ वेगवेगळे लोक वेगवेगळा सांगतात. मला त्यातला सर्वांत पटणारा अर्थ असा की आरशात फळे, सोने आणि दिवा यांच्या मधोमध पाहणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो, म्हणजे ज्या भरल्या घराची इच्छा धरायची त्या चित्रात आपणही असतो.

उंबरठा, समई आणि बदललेला शब्द

कनि पाहून झाल्यावर स्नान होते आणि नवे कपडे घातले जातात. दारासमोर पहाटेच सडा घालून ‘कोलम’ काढलेले असते. कोलम म्हणजे तमिळ रांगोळी, पण आपली रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाच्या पुडीची असते आणि कोलम तांदळाच्या पिठाचे. सणाला हे पीठ पाण्यात कालवून, बोटांतून धार सोडत ओले कोलम काढतात, ते वाळल्यावर पांढरेशुभ्र दिसते आणि त्याच्या कडेने गेरूची तांबडी रेघ ओढतात. मुंग्या-पाखरांनी हे पीठ खावे, अशीच त्यामागची अपेक्षा असते. दारावर आंब्याच्या पानांचे तोरण लागते, आणि त्यासाठी तमिळमध्येही ‘तोरणम्’ हाच शब्द आहे. ‘कुत्तुविळक्कु’ नावाची उभी पितळी समई पाच वातींनी उजळते.

पूजेचा क्रम फारसा अवघड नाही आणि बहुतेक घरांत त्यासाठी पुरोहित बोलावला जात नाही. आरंभी पिळ्ळैयार, म्हणजे गणपती. अनेक ठिकाणी ओल्या हळदीचा लहानसा सुळका करून त्यालाच गणपती मानतात, जसे आपण सुपारीला मानतो. त्यानंतर इष्टदेवता आणि कुलदैवत यांची पूजा, नारळ, केळी आणि विडा, पायसम् म्हणजे खीर आणि वडे यांचा नैवेद्य, कापूर आणि नमस्कार. नव्या वर्षाचे पंचांग हळदकुंकू लावून देवापुढे ठेवण्याची प्रथा मात्र या दिवसाची खास आहे.

जिथे संस्कृत संकल्प म्हणून पूजा होते, तिथे कान देऊन ऐकणाऱ्याला एक फरक जाणवतो. आपले गुरुजी पाडव्याला संवत्सराचे नाव घेऊन पुढे ‘चैत्र मासे’ म्हणतात. तमिळ संकल्पात संवत्सराचे नाव तेच येते, पण पुढे ‘मेष मासे’ असे म्हणतात, कारण त्यांचा महिना राशीवरून ओळखला जातो. चंद्राचे आणि सूर्याचे वर्ष यांतला सारा भेद त्या एका शब्दात मावलेला आहे. ज्यांचे वडील हयात नाहीत असे परंपरा पाळणारे पुरुष संक्रांतीच्या पुण्यकाळात पितरांना तर्पणही करतात. सणाच्या दिवशी तर्पण कसे, असे आपल्याला वाटते. परंतु संक्रांत हा मुळात स्नान, दान आणि तर्पणाचाच काळ मानलेला आहे आणि नववर्षाचा उत्सव त्याच दिवशी येतो.

पूजा झाल्यावर लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचे आणि मोठ्यांनी त्यांच्या हातावर नाणी किंवा नोटा ठेवायच्या. तबकातली नाणी बहुधा इथेच संपतात. उन्हाळा ऐन भरात असल्यामुळे अनेक घरांत गुळाचे पाणी म्हणजे ‘पानकम्’ आणि पातळ ताक यांचाही नैवेद्य असतो आणि ताडपत्राचा पंखा दान देतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात पन्हे आणि आंबेडाळ वाटणाऱ्या मराठी घराला यात नवल वाटू नये. एप्रिलचे ऊन दोन्हीकडे सारखेच तापते.

कैरी, गूळ आणि कडुलिंबाचे फूल

या दिवशी जेवणात इतर काहीही असो, ‘मांगाय पच्चडी’ चुकत नाही. पच्चडी म्हणजे इथे कैरीचे आंबटगोड, दाटसर तोंडीलावणे. कैरीच्या फोडी हळद आणि मीठ घालून शिजवतात, त्यात गूळ विरघळवतात, मोहरी आणि सुक्या मिरचीची फोडणी देतात आणि शेवटी तुपात परतलेली कडुलिंबाची फुले वर घालतात. आपला मेथांबा ज्याने खाल्ला आहे त्याला ही चव अर्धी ओळखीची वाटेल, फक्त मेथीच्या जागी कडुलिंब आला आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट या सहा चवींना तमिळमध्ये ‘अरुसुवै’ म्हणतात, आणि येणाऱ्या वर्षात या सगळ्या चवी येणार, त्या एकत्रच गिळायच्या आहेत, असे पच्चडी वाढताना सांगितले जाते.

आपण पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला आणि फुले गूळ, जिरे, मिरी, हिंग, ओवा यांच्याबरोबर वाटून खातो. तेलुगू आणि कन्नड घरांत उगादीची पच्चडी असते. तिथी मानणारे आणि संक्रांत मानणारे दोघेही नववर्षाला कडुलिंबच खातात, याचे मुख्य कारण झाडाच्या वेळापत्रकात आहे, असे मला वाटते. मार्च ते मे या काळात कडुलिंब फुलतो आणि कैरी धरते, त्यामुळे नववर्ष मार्चच्या शेवटी असो वा एप्रिलच्या मध्यावर, दाराशी हेच असते. तमिळ गावांत झाडाखाली कापड पसरून गळणारी फुले गोळा करतात, वाळवून बरणीत भरतात आणि वर्षभर त्यांचे ‘वेप्पंपू रसम्’ करतात.

कडुलिंब खाल्ल्याने वर्षभर रोग होत नाहीत, असे संदेश या दिवसांत मोबाइलवर फिरतात. वर्षातून एकदा चिमूटभर फुले खाऊन वर्षभराचे आरोग्य मिळण्याची अपेक्षा कोणत्याही शहाण्या स्वयंपाकिणीने कधी ठेवली नसावी.

पंचांग ऐकण्याचा कार्यक्रम

दुपारी किंवा संध्याकाळी घरातले वडीलधारे, अथवा देवळातले गुरुजी, नव्या पंचांगातले वर्षफल वाचून दाखवतात. पाऊस किती, धान्य कसे, कोणत्या राशीला मिळकत जास्त आणि कोणाला खर्च, हे सगळे ऐकायला माणसे जमतात. आपल्याकडेही पाडव्याला पंचांगाचे पूजन आणि संवत्सरफलाचे श्रवण सांगितलेले आहे, पण बहुतेक मराठी घरांत ते आता भिंतीवरच्या दिनदर्शिकेपुरते उरले आहे. तमिळनाडूत ही प्रथा जास्त टिकून आहे.

हे भविष्य निघते कसे? वर्षाला एक राजा, एक मंत्री, एक मेघांचा अधिपती, एक धान्याचा अधिपती असे नऊ अधिकारी नेमलेले असतात आणि ठरावीक संक्रांती किंवा तत्सम क्षण कोणत्या वारी आले यावरून त्या वाराचा ग्रह त्या पदावर बसतो. सोमवार आला तर चंद्र, मंगळवार आला तर मंगळ. वार सातच असल्यामुळे ही नेमणूक कोणालाही कागदावर करता येते, आणि तिचा मोसमी वाऱ्यांशी काही संबंध असल्याचे मानायला आधार नाही. हवामानाचा अंदाज म्हणून ते वाचले तर निराशाच पदरी पडेल. शेती आणि खर्च यांचा विचार वर्षाच्या पहिल्याच दिवशी चारचौघांत बसून करण्याचे निमित्त म्हणून पाहिले, तर मात्र त्याची उपयुक्तता कळते.

पंचांगांमध्येही दोन पक्ष आहेत. ‘वाक्य’ पंचांग जुन्या, पाठ करता येणाऱ्या वाक्यांत गुंफलेल्या आकड्यांवरून गणित करते. मुखपृष्ठावरच्या सापामुळे ओळखले जाणारे ‘पांबु पंचांगम्’ या परंपरेतले आहे. ‘तिरुक्कणित’ पंचांग आधुनिक वेधांना जुळवून घेतलेले आहे. एसटीच्या थांब्यावर रंगवलेले वेळापत्रक आणि गाडी या क्षणी नेमकी कुठे आहे हे सांगणारा फोन यांत जो फरक, तोच या दोघांत. संक्रांतीच्या वेळेत त्यामुळे काही तासांपर्यंत फरक पडू शकतो. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांच्यातल्या भेदामुळे एखाद्या वर्षी काही कोकणस्थ घरांत गणपती महिनाभर वेगळा बसलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे भांडण ओळखीचे वाटेल.

हेच खरे तमिळ नववर्ष आहे का?

हा प्रश्न विधानसभेतही गेला आहे. २००८ साली एम. करुणानिधी यांच्या सरकारने कायदा करून ‘तै’ महिन्याचा पहिला दिवस, म्हणजे जानेवारीतल्या पोंगलचा दिवस, तमिळ नववर्ष म्हणून घोषित केला. २०११ मध्ये जयललिता सत्तेवर आल्यावर तो कायदा रद्द झाला आणि चित्तिरैचा पहिला दिवस पुन्हा अधिकृत नववर्ष ठरला.

तै महिन्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की साठ संवत्सरांची नावे संस्कृत आहेत आणि त्यांच्या उगमाच्या पौराणिक कथा तमिळ संस्कृतीच्या नाहीत. पोंगल हा सुगीचा सण कोणत्याही एका पंथाचा नसल्यामुळे सर्व तमिळांना आपला वाटतो, असेही ते सांगतात. याच विचारातून इसवी सनात एकतीस मिळवून मोजले जाणारे ‘तिरुवळ्ळुवर वर्ष’ रूढ झाले, ज्यानुसार २०२५ साल हे २०५६ ठरते. दुसरी बाजू प्राचीन तमिळ ‘संगम’ काव्यातल्या ‘नेडुनल्वाडै’ या कवितेकडे बोट दाखवते, जिच्यात सूर्याच्या मार्गातल्या राशींमध्ये मेंढ्याला आघाडीचे स्थान दिलेले आहे, म्हणजे मेषापासून मोजण्याची रीत तमिळ भूमीतही जुनी आहे.

माझ्या मते हा वाद इतिहासापेक्षा ओळखीचा अधिक आहे आणि तसा तो असण्यात गैर काही नाही. गणिताच्या दृष्टीने दोन्ही दिवस संक्रांतीचेच आहेत, एक मकरेचा आणि एक मेषेचा, म्हणजे सूर्याच्या गाडीचे आरंभस्थानक कोणते मानायचे एवढाच मतभेद आहे. कायदा बदलला, परत फिरला, पण चित्तिरैच्या पहिल्या दिवशी देवघरातले पंचांग बदलणे मधल्या वर्षांतही थांबले नव्हते.

समुद्रापलीकडची रीत

श्रीलंकेत तमिळ आणि सिंहली हे दोन्ही समाज याच संक्रांतीला नवे वर्ष मानतात आणि १३ व १४ एप्रिलला तिथे सुट्टी असते. तिथल्या तमिळ घरांत दिवसापेक्षा क्षणाला जास्त मान आहे. संक्रांतीच्या आधीचे चार तास आणि नंतरचे चार तास मिळून पुण्यकाळ धरतात आणि त्या वेळात ‘मरुत्तुनीर’ डोक्याला लावून स्नान करतात. हळद, बेल, तुळस, दूर्वा यांसारख्या वनस्पती उकळून केलेले हे पाणी देवळातून वाटले जाते, आणि स्नानाच्या वेळी डोक्यावर कोणते पान ठेवायचे व पायाखाली कोणते, नवे वस्त्र कोणत्या रंगाचे नेसायचे, हे त्या वर्षीचे पंचांग सांगते. संक्रांत रात्री आली तर स्नानही रात्रीच होते. मोठ्यांनी लहानांना पैसे देण्याला तिथे ‘कैविशेषम्’ म्हणतात आणि ते देण्याघेण्याचाही मुहूर्त छापलेला असतो.

मुंबईतल्या दोन खोल्यांत

एवढे सगळे साहित्य नसेल तर काय, हा शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक प्रश्न. तीन फळांपैकी फणस आख्खा आणणे लहान घराला परवडत नाही, म्हणून गरे आणले जातात. अंगण नसले तर कोलम दारासमोरच्या फरशीवर चौकटीएवढे होते, आणि तेही जमले नाही तर चिकटवायचे तयार मिळते, ज्यावर जुन्या बायका नाक मुरडतात, कारण त्यात मुंग्यांच्या वाट्याला काही नसते. बहावा मात्र मुंबईच्या रस्त्यांवर एप्रिल-मेमध्ये आपोआप फुलतो. कनिला अमुक वस्तू नसेल तर ती फळत नाही, असा काही दंडक नाही. ज्यांना शक्य आहे ते सोने ठेवतात आणि बाकीचे तांदूळ, एक फळ, एक नाणे आणि दिवा एवढ्यावर भागवतात.

दुपारपर्यंत तबक मोडले जाते. दागिने कपाटात, तांदूळ डब्यात आणि आरसा पुन्हा भिंतीवर जातो, केळी पोरे संपवतात, आणि पिकलेल्या गऱ्यांचा घमघमाट मात्र दोन दिवस त्या खोल्यांतून हलत नाही.